शिंक्यावरचे लोणी : भोंडल्याच्या गाण्यांतील अन्न आणि मार

स्त्रियांच्या मौखिक गीतपरंपरेत घरातल्या मारहाणीचा उल्लेख सहसा एकटा येत नाही. तो अन्नाच्या मागोमाग येतो. कोणी काय रांधले, कोणी काय खाल्ले, काय नासले, काय चोरीला गेले, अशा तपशिलांची रांग लावत गाणे पुढे सरकते आणि त्या रांगेच्या टोकाला, बहुतेक वेळा अगदी शेवटच्या एक-दोन ओळींत, काठी, कोंडून ठेवणे किंवा आग येऊन उभी राहते. महाराष्ट्रातील मुली आश्विन महिन्यात जी भोंडल्याची गाणी म्हणत आल्या आहेत त्यांत ही मांडणी इतक्या वेळा आढळते की तिला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. प्रस्तुत व्याख्यानात अशा तीन-चार गाण्यांचे जवळून वाचन केले असून त्यातून मांडायचा मुद्दा एकच आहे : या गाण्यांतला स्वयंपाक हिंसेवर घातलेले झाकण आहे असे मानणे पुरेसे नाही, कारण सुनेची लायकी ज्यावर मोजली जाते ते मापही अन्नच आहे, तिच्यावर ठेवल्या जाणाऱ्या आरोपाचे निमित्तही अन्नच आहे आणि छळाचा जो काही पुरावा गाण्यात शिल्लक राहतो तोही अन्नाच्याच तपशिलांत राहतो. म्हणून या गाण्यांतला छळ ज्याला वाचायचा आहे त्याने दुःखाच्या ओळी शोधत बसण्यापेक्षा पदार्थांचा क्रम पाहावा, हे बरे.

गाण्यांकडे वळण्यापूर्वी ती कोठे आणि कशी म्हटली जातात हे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांचा अर्थ पुष्कळसा प्रसंगात आहे. भोंडला, हादगा आणि भुलाबाई ही एकाच कुळातील विधिखेळांची निरनिराळ्या भागांतली नावे असून विदर्भ-खानदेशात भुलाबाई, तर इतरत्र भोंडला किंवा हादगा हे नाव अधिक चालते. सूर्य हस्त नक्षत्रात असतानाच्या पावसाशी या खेळाचे नाते आहे. पाटावर हत्तीचे चित्र काढायचे किंवा मांडायचे, पाट मध्यभागी ठेवायचा आणि मुलींनी हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा. कोठे नऊ दिवस, कोठे सोळा दिवस हा खेळ चालतो आणि अनेक घरांत रोज एकेक गाणे व एकेक खिरापत वाढवण्याची रीत आहे. खिरापत म्हणजे गाणी संपल्यावर वाटायचा खाऊ. तो झाकून ठेवलेला असतो आणि गोड की तिखट, तळलेला की भाजलेला असे विचारत मुलींनी तो ओळखायचा असतो. अर्थात ज्या गाण्यांत खाण्यावरून एका स्त्रीला मार बसतो, ती गाणी झाकलेल्या डब्याकडे डोळे लावून बसलेल्या मुली म्हणत असतात आणि गाणे संपताच त्यांना पोटभर खायला मिळणार असते. या मुलींचे वयही विसरून चालणार नाही. मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली झाला. त्याआधी आठ-दहा वर्षांची मुलगी सासरी जाणे सर्रास होते. फेरातल्या काही मुली नुकत्याच सासरहून आलेल्या आणि काही वर्ष-दोन वर्षांत जाणाऱ्या असत. त्यामुळे ही गाणी एकीच्या बाबतीत आठवण असत, तर तिचा हात धरलेल्या दुसरीच्या बाबतीत पूर्वसूचना.

आणखी एक गोष्ट प्रारंभीच नोंदवायला हवी. ही गाणी कोणा एका कवयित्रीची नाहीत आणि त्यांचा एकच एक प्रमाण पाठ नाही. पाठ म्हणजे गाण्याचे विशिष्ट शब्दरूप. गावागणिक, घरागणिक ते बदलते आणि अशा बदलांना पाठभेद म्हणतात. येथे केलेले विवेचन सर्वाधिक प्रचलित पाठांवर आधारलेले आहे आणि जेथे पाठभेदाने अर्थच फिरतो तेथे तसे सांगितले आहे.

‘नणंदा भावजया’ या नावाने ओळखले जाणारे गाणे आकाराने अगदी लहान आहे, परंतु त्यात एका संपूर्ण खटल्याची रचना आहे. घरात नणंद आणि भावजय अशा दोघीच असून तिसरे कोणी नाही, असे गाणे पहिल्यानेच सांगून टाकते. शिंक्यावरचे लोणी नाहीसे झाले आहे. शिंके म्हणजे मांजर-उंदरांपासून व मुंग्यांपासून दूधदुभते वाचावे म्हणून तुळईला टांगलेली दोरीची झोळी. तेथवर हात पोहोचवायचा तर टाचा उंचवाव्या लागतात किंवा पाटावर चढावे लागते, म्हणजेच ते चुकून तोंडात गेले असे म्हणण्याची सोय नाही. कोणी खाल्ले हा प्रश्न उपस्थित होतो, नणंद आपण नाही असे सांगते, वहिनीने खाल्ले असे म्हणते आणि लगेच भाऊ घरी येण्याची वाट पाहू लागते. तो आला की ती त्याच्या मांडीवर बसणार आहे आणि तुझी बायको चोरटी आहे असे त्याला सांगणार आहे. त्यानंतर काठी घेऊन पाठीत घालण्याची आज्ञा येते आणि तिच्या पाठोपाठ, श्वास न घेता, घराघरातल्या लक्ष्मीच्या थोरवीचे वाक्य येऊन गाणे संपते.

या खटल्यात आरोप आहे, न्यायाधीश आहे, शिक्षा आहे. आरोपीचे म्हणणे मात्र नाही. वहिनीला संपूर्ण गाण्यात एकही वाक्य मिळालेले नाही. घरात तिसरे कोणी नसल्याचे जे विधान सुरुवातीला गंमतीचे वाटते त्याचा खरा उपयोग येथे कळतो, कारण साक्षीदार नाही आणि दोघींपैकी एकीचाच शब्द ऐकला जाणार आहे. तो शब्द कोणाचा, हे मांडीवर बसण्याच्या उल्लेखाने ठरून गेलेले आहे. लोणी खरोखर कोणी खाल्ले या प्रश्नात गाण्याला रस नाही. नणंदेने स्वतःच खाल्ले असावे असा संशय ऐकणाऱ्याला येतो आणि फेरातल्या मुलींच्या हसण्यात तो संशय मुरलेला असतो, परंतु गाणे त्याची शहानिशा करत नाही. घरगुती अत्याचाराच्या अभ्यासात जी गोष्ट वारंवार सांगितली जाते ती हीच की मारहाणीला कारण लागत नाही, निमित्त लागते, आणि निमित्त खरे असण्याची गरज नसते.

काठीची आज्ञा नेमकी कोणाच्या तोंडची, हेही गाण्याने मोकळे सोडले आहे. काही पाठांत भाऊ आधी बायकोची बाजू घेतल्यासारखे, चोरटी असली तर असू दे अशा अर्थाचे बोलतो; मग काठीची ओळ बहिणीची होते आणि लक्ष्मीची ओळ भावाचे उत्तर म्हणून वाचता येते. जेथे हे मधले वाक्य नाही तेथे आज्ञा आणि स्तुती एकाच दमात, एकाच अनामिक आवाजात येतात. पहिल्या वाचनात बायको थोडक्यात वाचते, दुसऱ्यात ती मार खाऊनही लक्ष्मीच राहते. दोन्ही वाचने शक्य आहेत, पण दोहोंतही एक गोष्ट समान आहे : काठी प्रत्यक्ष पडली की नाही हे गाणे सांगत नाही. आज्ञा ऐकू येते, फटका ऐकू येत नाही, कारण त्या जागी लक्ष्मीचे वाक्य बसवलेले आहे. गृहलक्ष्मी म्हणून गौरव करणे आणि पाठीत काठी घालणे यांत त्या घराला विसंगती वाटत नाही, आणि गाण्याने या दोन ओळींमध्ये ‘पण’ किंवा ‘तरी’ असे एखादे जोडपदही ठेवलेले नाही.

मराठी श्रोत्याला शिंक्यावरचे लोणी म्हटले की आधी गोकुळ आठवते. गवळणींमध्ये, कीर्तनांत आणि दहीहंडीच्या उत्सवात शिंक्यावरून लोणी चोरणारा बाळकृष्ण हा कौतुकाचा विषय आहे. त्याच्या चोरीच्या तक्रारी यशोदेकडे येतात त्या लाडाने भरलेल्या असतात आणि त्या चोरीला लीला म्हणतात. घर बदलले, चोर बदलला, की त्याच लोण्याची त्याच शिंक्यावरून झालेली चोरी काठीला पात्र ठरते. भोंडल्याचे गाणे कृष्णाचे नाव घेत नाही, पण ज्या मुलींच्या कानावर गवळणी रोज पडत होत्या त्यांना हा फरक लक्षात आला नसेल असे मानण्याचे कारण नाही. ज्या घरांत सुनेने सर्वांच्या मागून जेवायचे, उरलेसुरले खायचे आणि तरीही पहाटेचे ताक घुसळायचे अशी रीत होती, तेथे लोणी काढणारी तीच आणि त्याला हात लावता न येणारीही तीच. चोरी हा शब्द आपल्या हाताने काढलेल्या लोण्याला लागू होतो, ही त्या घराची अर्थव्यवस्था आहे.

‘अक्कणमाती चिक्कणमाती’ हे गाणे यापेक्षा लांब आणि रचनेने अगदी निराळे आहे. लोकगीतांच्या अभ्यासात ज्याला साखळीरचना म्हणतात, म्हणजे एका कडव्याचा शेवट हाच पुढच्या कडव्याचा आरंभ होतो अशी बांधणी, तिचा हा उत्तम नमुना आहे. मातीपासून ओटा घातला जातो, ओट्यावर जाते रोवले जाते, जात्यातून रवा-पिठी निघते, पिठीच्या करंज्या होतात, करंज्या तबकात ठेवल्या जातात, तबक शेल्याने झाकले जाते, ते पालखीत ठेवले जाते आणि पालखी माहेरी धाडली जाते. प्रत्येक वस्तूला सुंदरपणाचे एकच विशेषण चिकटलेले आहे आणि प्रत्येक क्रियापद ‘करावे’, ‘ठेवावे’ अशा विध्यर्थी रूपात आहे. म्हणजे हे काम झाल्याचे वर्णन नसून व्हावे अशी इच्छा आहे. माहेर आले की सूर बदलतो. माहेर चांगले, कारण तेथे खायला मिळते. सासर वाईट, कारण तेथे कोंडून कोंडून मारतात. एवढे सांगून गाणे थांबते.

ही शेवटची दोन विधाने यमकाने बांधलेली आहेत आणि चालीत ती मागच्या कडव्यांहून वेगळी वाटत नाहीत, म्हणून हजारो वेळा म्हणूनही त्यांच्याकडे लक्ष जात नाही. परंतु त्यांतल्या क्रियापदांकडे पाहिले तर गाण्याने तोपर्यंत पाळलेला विध्यर्थ येथे संपलेला दिसतो. मिळणे आणि मारणे या क्रिया साध्या वर्तमानकाळात आहेत, आणि मराठीत असा वर्तमानकाळ नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी वापरतात. करंज्या, तबक, शेला, पालखी हे सारे इच्छेच्या प्रांतातले. कोंडणे आणि मारणे तेवढे वस्तुस्थितीच्या. शिवाय क्रियापदाची द्विरुक्ती अशी आहे की ती एका वेळच्या रागाची राहत नाही, ती सवयीची होते. आणि माहेराची जी थोरवी सांगितली आहे ती माया, लाड, मोकळेपणा यांची नाही. तेथे खायला मिळते एवढीच आहे. एवढी साधी गोष्ट जेथे विशेष म्हणून सांगावी लागते, तेथे दुसऱ्या घरी काय मिळत नव्हते हे वेगळे सांगावे लागत नाही. ओट्यापासून पालखीपर्यंतचे सारे कष्ट जिने केले ती स्वतः मात्र पालखीत नाही. करंज्या माहेरी पोहोचतात, करणारी कोंडलेलीच राहते.

कारल्याच्या वेलाचे गाणे याच साखळीरचनेचे आहे, पण त्यात मार नाही. निदान नेहमीच्या पाठांत नाही. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू तिला आधी कारल्याचे बी पेरायला सांगते, मग ते उगवू दे, वेल चढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, त्याची भाजी कर, भाजी जेवून घे, उष्टी काढ, अशी एकेक अट वाढत जाते. ऐकायला विनोदी वाटणारी ही टोलवाटोलवी ज्या गोष्टीचे चित्र आहे तिला समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात सक्तीचे नियंत्रण असे म्हटले आहे : हात न उगारता दुसऱ्याचे जाणे-येणे, पैसा, खाणे, झोप आणि माणसे यांवर दररोज, बारीकसारीक नियमांनी ताबा ठेवणे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असे वर्तन स्वतंत्र गुन्हा ठरले. सासूने एकदाही नकार दिलेला नाही, हे या गाण्यातले मर्म आहे. प्रत्येक वेळी होकारच आहे, फक्त तो पुढच्या पदार्थापाशी ठेवलेला आहे; आणि एक संपूर्ण पीक निघून जेवणाची भांडी घासून होईपर्यंत माहेर दूर राहते.

या सर्वांत विलक्षण गाणे वेड्या नवऱ्याचे, ‘श्रीकांता कमलकांता’ या संबोधनाने ओळखले जाणारे. बायको एकेक पदार्थ करते आणि नवरा त्याला भलतेच काही समजतो : करंज्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो, लाडवांना चेंडू समजून खेळायला घेतो, शेवयांना अळ्या समजून टाकून देतो. कोणते पदार्थ किती, हे गाणाऱ्यांच्या हौशीवर असते आणि कडवी वाढवता येतात. प्रत्येक कडव्याची वाक्यरचना मात्र एकच : तिने अमुक केले, तिकडून वेडा आला, त्याने निरखून पाहिले, अमुक समजला आणि तमुक केले. मुली या गाण्यात सर्वांत मोठ्याने हसतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण एरवी ज्याच्या धाकाने घर चालते तो पुरुष येथे करंजी ओळखू न शकणारा ठरतो. शेवटच्या कडव्यात बायको पलंगावर झोपलेली असते. वेडा येतो, निरखून पाहतो, मेली असे समजतो आणि तिला जाळून टाकतो.

हे कडवे हास्याच्या भरात जाते, कारण त्याची घडण मागच्या कडव्यांसारखीच आहे. करंज्या, लाडू, शेवया यांच्या यादीत स्त्री पदार्थाप्रमाणे बसते. तिच्या श्रमाची नासाडी आणि तिचा मृत्यू यांसाठी गाणे निराळा सूर शोधत नाही. तरीही गाण्याने एक खूण ठेवलेली आहे. कडव्यांमध्ये तिचा उल्लेख वेड्याची बायको असा तृतीयपुरुषी होतो, पण ध्रुवपदात, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर येणाऱ्या ओळीत, असे वेडे माझ्या नशिबी कसे आले हा प्रथमपुरुषी आक्रोश आहे. जाळून टाकल्यानंतरच्या कडव्यामागेही तेच ध्रुवपद येते. मेलेली स्त्री ‘माझ्या नशिबी’ असे म्हणते आहे आणि तिच्या तोंडचे ते शब्द फेरातल्या जिवंत मुली म्हणत आहेत. लोककवयित्रीने हे जाणून केले की रचनेच्या ओघात झाले, हे ठरवण्याचे साधन नाही. परंतु मुद्दाम केले असते तर याहून परिणामकारक काही करता आले असते असे वाटत नाही.

या ठिकाणी एक आक्षेप अपेक्षित आहे. ही खेळाची गाणी आहेत, त्यांत अतिशयोक्ती आणि विनोद आहे, सासर-माहेर हा लोकगीतांचा ठरीव विषय आहे, मग त्यांतून कौटुंबिक हिंसाचाराचा पुरावा काढणे म्हणजे विनोदावर पंचनामा करणे नव्हे काय? आक्षेप अर्धा बरोबर आहे. एखाद्या गाण्यावरून अमुक घरात अमुक मार बसला असे म्हणता येणार नाही, आणि काही अभ्यासक प्रत्येक भाकरीत अश्रू शोधतात तो प्रकार कंटाळवाणा आहे हे मान्य करावे लागेल. परंतु विनोद चालण्यासाठी ऐकणाऱ्याला आधीपासून काहीतरी ठाऊक असावे लागते. लोण्यावरून काठी निघते हे ज्या समाजात अशक्य असेल तेथे हे गाणे अगम्य ठरेल, त्याला कोणी हसणार नाही. मुली हसतात, कारण निमित्त आणि शिक्षा यांचे हे प्रमाण त्यांना परिचयाचे आहे.

ते प्रमाण केवळ जुन्या काळचे नाही. भारतात घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याने बायकोला मारणे कोणत्या परिस्थितीत योग्य वाटते असा प्रश्न स्त्री-पुरुष दोघांनाही विचारला जातो आणि त्यासाठी जी ठरावीक कारणे वाचून दाखवतात त्यांत न सांगता बाहेर जाणे, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणे यांच्या जोडीला स्वयंपाक नीट न करणे हेही एक कारण आहे. म्हणजे आधुनिक सांख्यिकीला आपल्या प्रश्नावलीत स्वयंपाकासाठी जागा ठेवावी लागली आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. कायद्यानेही हे नाते ओळखले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्याखालील नियमांत घटनेच्या अहवालाचा जो नमुना आहे त्यात अन्न, वस्त्र, औषध न देणे ही बाब आर्थिक हिंसेखाली नोंदवण्याची तरतूद आहे. माहेर चांगले कारण तेथे खायला मिळते, या विधानाचे कायद्याच्या भाषेतले रूप इतकेच असेल.

जळण्याच्या कडव्याला तर याहून कडू संदर्भ आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत नवविवाहितांच्या भाजून झालेल्या मृत्यूंची प्रकरणे देशभर गाजली, तेव्हा त्यांतील कित्येकांची पहिली नोंद स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडाला, पदराने पेट घेतला, अशीच असे. ते वाक्य अपघाताचे होते. त्यात कोणी कर्ता नव्हता, फक्त स्टोव्ह होता. सासरच्या क्रौर्याला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे ४९८-अ हे कलम १९८३ साली आणि विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या हुंडाबळीचे ३०४-ब हे कलम १९८६ साली आले, त्यामागे अशा वाक्यांवर विश्वास ठेवण्यास स्त्री-संघटनांनी दिलेला नकार होता. वेड्याच्या गाण्यातही कोणी गुन्हेगार नाही, फक्त गैरसमज आहे. चूल, पदार्थ, गैरसमज, आग या क्रमाने गेले की मृत्यूला जबाबदार कोणी उरत नाही, ही युक्ती पंचनाम्यात आली त्याच्या कितीतरी आधी मुलींच्या फेरात ती चालीवर म्हटली जात होती, आणि तेथे तिला निदान वेडेपणा असे नाव होते.

स्वतःच्या नावाने बोलणाऱ्या स्त्रियांच्या लेखनाशी तुलना केली की भोंडल्याच्या गाण्यांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. सतराव्या शतकातील शिवूरच्या संत बहिणाबाई (१६२८-१७००) यांनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत नवऱ्याने केलेल्या मारहाणीचे वर्णन आडपडदा न ठेवता केले आहे. कीर्तनाला जाण्यावरून, वासराच्या लळ्यावरून, भक्तीवरून तो कोपला. त्याने तिला बांधून मारले, आणि त्या माराने व्याकूळ झालेल्या गाय-वासरांनी चारा-पाणी सोडले, असे ती सांगते. तेथे स्वयंपाकाची रांग नाही, यमकाचा पडदा नाही, कारण सांगणारीला आपले नाव आणि आपली साक्ष दोन्ही द्यायची आहेत; तरीही अन्न आले आहेच, ते मुक्या जनावरांनी नाकारलेल्या चाऱ्याच्या रूपाने. दुसऱ्या टोकाला, १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात महार वस्तीतल्या कोवळ्या सुनांची पहाट आहे. आठ-नऊ वर्षांची पोर रात्र सरायच्या आत दळायला उठते, पाटीभर भाकऱ्या थापते, हात भाजून घेते आणि मग सासू त्या भाकऱ्यांत खोड काढून ती चारचौघींत दाखवते. घरातल्या चिथावणीने नवऱ्यांनी बायकांची नाके कापल्याच्या प्रकारांचीही नोंद त्या करतात. भोंडल्याच्या करंज्या आणि पालख्या ज्या घरांना परवडत होत्या त्या घरांचे हे चित्र नव्हे, ही गोष्ट येथे नमूद केलीच पाहिजे, कारण मराठी लोकगीतांचे पुष्कळसे विवेचन लिंबलोण, शेला आणि चंदनी पाट असलेल्या वाड्यातच घुटमळत राहिले आहे. पण लक्ष्य तेच आहे. पदार्थाचे नाव करंजी असो की भाकरी, तो तपासला जातो आणि त्यावरून बाई तपासली जाते.

जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट थोडी वेगळी. दळताना बाई एकटी असते किंवा समोर जाऊ-सोबतीण असते, वेळ पहाटेची असते आणि घरघरीत आवाज दबतो. त्यामुळे तेथे सासूची निंदा, नवऱ्याचा रागीट हात, आपला भोग आईला कळू नये ही काळजी, हे सारे प्रथमपुरुषात येते. भोंडला अंगणात, दिवसाउजेडी, घरच्या मोठ्या माणसांसमोर होतो. ऐकणाऱ्यांत सासवा आहेत, आत्या आहेत, पुढच्या सोयरिकी जमवणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यादेखत जे म्हणायचे ते करंजीच्या आणि कारल्याच्या आडून म्हणावे लागते आणि शेवटची ओळ पटकन उरकावी लागते. रचनेतला हा फरक स्वभावाचा नाही, श्रोत्यांचा आहे.

या दोन परंपरांच्या संकलनाची स्थितीही सारखी नाही. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढले, आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपून ठेवले. २०१७ पासून त्या ओव्या ध्वनिमुद्रणासह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर प्रसिद्ध होत आहेत. भोंडल्याची गाणी मात्र मुख्यतः सणाच्या सुमारास निघणाऱ्या लहान पुस्तिकांत छापली जातात. तेथे गाणारी नाही, गाव नाही, पाठभेद नाहीत. नणंदा-भावजयांच्या गाण्यात भावाचे ते मधले वाक्य कोणत्या भागात म्हणतात आणि कोणत्या भागात थेट काठीच येते हे त्यांवरून कळण्याचा मार्ग नाही. पुणे-मुंबईच्या गृहसंकुलांतला आणि परदेशांतल्या महाराष्ट्र मंडळांतला भोंडला आता याच पुस्तिकांवरून किंवा फोनच्या पडद्यावरून म्हटला जातो, त्यामुळे जो पाठ छापला गेला तोच पुढे उरतो आणि बाकीचे म्हणणाऱ्यांबरोबर जातात. वेड्याच्या गाण्यातले शेवटचे कडवे लहान मुलींसाठी बरे नाही म्हणून गाळावे, असे सुचवणारे भले लोकही भेटतात. गाळायचेच असेल तर करंज्या, लाडू आणि शेवयाही गाळाव्या लागतील, कारण वेड्याच्या बायकोचे जळणे त्यांच्याच वाक्यरचनेत सांगितलेले आहे आणि पहिल्या कडव्यात करंज्या पाण्यात गेल्या तेव्हाच ते सुरू झालेले आहे.